बारा कुस्त्या मारल्या, पण जोड कुणी लावली?

गेल्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती की बॉक्सिंगबद्दल काही शंका असतील तर पाठवा. म्हटलं येतील दोन-चार पत्रं, तर एवढी आली की संपादकांनी विचारलं, पुण्यात एवढे लोक बॉक्सिंग बघतात कधी? सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच घेतलीत. आधीच सांगून ठेवतो, मी काही नावाजलेला बॉक्सर नव्हतो, कॉलेजात असताना ५४ किलोत इंटरकॉलेज खेळायचो, एकदा सेमीफायनलला पोचलो आणि तिथं खडकीच्या एका पोरानं मला असा काही धुतला की घरी आईनं दार उघडल्यावर आधी विचारलं, कोण पाहिजे? तेव्हापासून रिंगच्या बाहेरूनच बघतो, पण बघतो मात्र मन लावून.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर भांडण लागलंय. एक मित्र म्हणतो विजेंदर सिंग प्रो झाल्यावर सलग बारा लढती जिंकला म्हणजे तो वर्ल्ड क्लासच. दुसरा म्हणतो ती सगळी वेचून आणलेली मंडळी होती, खरी कमाई फक्त ऑलिम्पिकचं ब्राँझ. मिसळीची पैज लागलीये. कोण बरोबर? (सदाशिव पेठेतून एक वाचक)

मिसळ दुसऱ्या मित्राची, पण जास्तीचे पाव पहिल्याला द्या, कारण तोही पूर्ण चुकलेला नाही.

मुळात हौशी बॉक्सिंग (ऑलिम्पिक-एशियाडचं, पदकासाठीचं) आणि प्रो म्हणजे व्यावसायिक, पैशासाठीचं बॉक्सिंग हे दिसायला एकच असले तरी धंदे दोन आहेत. (हौशी हा शब्द पण काय आहे बघा, वर्षातले दहा-अकरा महिने कॅम्पात राहून पहाटे पाचला पळणाऱ्या माणसाला आपण हौशी म्हणतो.) तुम्ही पेठेतले आहात म्हणजे तालमी बघितल्या असतील, नसतील बघितल्या तर गावाकडच्या जत्रेतला कुस्तीचा फड तरी आठवा. महाराष्ट्र केसरीला काय होतं, ड्रॉ निघतो, समोर जो येईल त्याच्याशी लढायचं, आवडनिवड नाही. जत्रेत तसं नसतं, तिथं कमिटी आणि वस्ताद मंडळी बसून जोडी लावतात, लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या आधी, मग इनाम वाढत जातं आणि शेवटची एक नंबरची कुस्ती सगळ्यात मोठी. नवा पठ्ठ्या असेल तर वस्ताद त्याला झेपेल अशीच जोड बघतो. यात कुणी फसवाफसवी म्हणत नाही, पोरगं तयार करायची तीच रीत आहे. आता वस्तादाच्या जागी प्रमोटर आणि मॅचमेकर ठेवा, झालं प्रो बॉक्सिंग.

म्हणून हौशी बॉक्सरचं पदक बघायचं असतं, आणि प्रो बॉक्सरचा रेकॉर्ड बघताना समोरच्याचा रेकॉर्ड आधी बघायचा असतो.

आता विजेंदरचं घ्या. भिवानीजवळच्या कालुवास गावचा, जगदीश सिंगांच्या हाताखाली भिवानी बॉक्सिंग क्लबात तयार झाला. २००४ च्या अथेन्सला अठरा वर्षांचा असताना पहिल्याच लढतीत बाहेर. मग २००६ मध्ये मेलबर्न कॉमनवेल्थला रौप्य, दोहा एशियाडला ब्राँझ, आणि २००८ ला बीजिंगला ७५ किलोत ब्राँझ, भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक. पुढच्या वर्षी मिलानला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडला सोनं. लंडनला २०१२ मध्ये क्वार्टरफायनलला हरला. हे सगळं ड्रॉ काढून, समोर येईल त्याच्याशी.

आणि बीजिंगला समोर आलं कोण, हे बघण्यासारखं आहे. पहिल्याच लढतीत बादू जॅक म्हणून एक जण होता, स्वीडनमध्ये वाढलेला पण गांबियाकडून खेळणारा. विजेंदरनं त्याला १३-२ नं हरवला. क्वार्टरफायनलला इक्वेडोरचा कार्लोस गोंगोरा, त्याला ९-४ नं. सेमीफायनलला क्यूबाच्या एमिलियो कोरेयाकडून ५-८ नं हरला, सेमीत हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ मिळतं म्हणून पदक आलं. त्या कोरेयाला फायनलला इंग्लंडच्या जेम्स डिगेलनं १६-१४ नं हरवून सोनं नेलं, तीच ती लढत ज्यात कोरेयानं डिगेलला चावा घेतला म्हणून त्याचे दोन गुण कापले.

आता पुढची गोष्ट. जॅक आणि डिगेल दोघंही २००९ मध्येच प्रो झाले. सुपर मिडलवेट म्हणजे १६८ पौंड, साधारण ७६ किलो, विजेंदरचंच वजन म्हणा. २०१५ च्या एप्रिलमध्ये जॅक डब्ल्यूबीसी या संघटनेचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. मे मध्ये डिगेल आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा. आणि जूनमध्ये विजेंदरनं प्रो व्हायचा करार केला, फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी. म्हणजे ज्याला आपण १३-२ नं हरवलं होतं तो वरच्या पायरीवर बसलेला, आणि आपण २९ व्या वर्षी खालच्या पायरीवर पाय ठेवतोय. २०१७ च्या जानेवारीत ब्रुकलिनला जॅक आणि डिगेल एकमेकांसमोर आले आणि बरोबरी झाली, मी ती लढत बघत होतो आणि सारखं मनात यायचं की हा तिसरा भिडू कुठाय. गोंगोरासुद्धा पुढं २०२० मध्ये आयबीओचा पट्टा जिंकला, ही संघटना चार मोठ्यांत धरत नाहीत पण तरी. मला विचाराल तर विजेंदरची प्रो कारकीर्द ठोशांवर नाही, कॅलेंडरवर हरली. त्याला दोष पण कसा देणार, हरियाणा पोलिसात डीएसपीची नोकरी, देशभर नाव, घरच्यांनी काय सांगितलं असतं? तुमच्या-माझ्या घरच्यांनी काय सांगितलं असतं?

तर प्रो म्हणून पहिली लढत १० ऑक्टोबर २०१५, मँचेस्टर, समोर सनी व्हायटिंग, ज्याच्या नावावर तोवर तीनच लढती होत्या. तिसऱ्या राउंडला संपली. ती धरून साधारण सात महिन्यांत एकूण सहा लढती आणि सहाच्या सहा पूर्ण राउंड न होता संपलेल्या. त्यातल्या हंगेरीच्या एका प्रतिस्पर्ध्यानं तर आधी जाहीर केलं की मी सापाचं रक्त पितो, पेपरवाल्यांना आठवडाभर मजा, रिंगमध्ये तिसऱ्या राउंडलाच खेळ खल्लास. हे सहा जण म्हणजे नारळावरच्या कुस्त्या, असं म्हटलं तरी चालेल. पण नारळावरच्या कुस्त्या न खेळता कुणी शेवटच्या कुस्तीला उभा राहत नाही हेही तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा.

सातवी लढत जरा वेगळी. जुलै २०१६, दिल्लीचं त्यागराज स्टेडियम, समोर केरी होप, जुना अनुभवी गडी, एकेकाळी युरोपचा मिडलवेट किताब नावावर असलेला. दहा राउंड पूर्ण झाले आणि तिन्ही पंचांनी विजेंदरला दिली. डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिकचा पट्टा मिळाला. इथं गल्लत होते लोकांची. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार मोठ्या संघटना, त्यांचे वर्ल्ड टायटल वेगळे आणि त्यांच्याखाली विभागवार पट्टे वेगळे. एशिया पॅसिफिक किंवा ओरिएंटल म्हणजे आपल्याकडं तालुका केसरी, जिल्हा केसरी धरा. मान आहेच, पण ती महाराष्ट्र केसरीची गदा नव्हे. आपल्या टीव्हीवाल्यांनी सगळ्यालाच वर्ल्ड चॅम्पियन म्हणून टाकलं आणि तिथनंच कट्ट्यावरची भांडणं सुरू झाली.

ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतीअलीशी लढत होती ती आम्ही चौघं पुण्याहून जाऊन बघितली. टीव्हीवर कळत नाही पण शेवटच्या तीन राउंडला विजेंदरचे हात जड झाले होते, तो चिनी पोरगा सारखा कमरेखाली मारत होता, रेफरी ताकीद देतोय, आणि आमच्या मागं बसलेला एक माणूस प्रत्येक ठोशाला भारतमाता की जय म्हणतोय. विजेंदर जिंकला, तिन्ही पंचांनी त्यालाच दिली पण अगदी थोडक्यात. तेव्हा डोकलामचं प्रकरण चालू होतं, त्यानं माइकवर सांगितलं की सीमेवर शांतता राहणार असेल तर हा पट्टा परत देतो. मला ते फार आवडलं होतं. परत येताना एक्स्प्रेसवेवर आम्ही तेच बोलत होतो की माणूस दमला, पण सुटला.

मग नेवार्क, दुबई, बारा झाल्या. तेरावी मार्च २०२१ ला पणजीत, मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर. त्याआधी सोळाएक महिने रिंगमध्ये उतरलेला नाही, वय ३५, आणि समोर सहा फुटांच्या बराच वरचा तरणा रशियन, आर्तिश लोप्सान. पाचव्या राउंडला रेफरीनं थांबवलं. या लोप्सानच्या नावावर तेव्हा चार विजय होते फक्त, म्हणजे कागदावर बघाल तर ही पण झेपेल अशीच जोड होती, पण कागदाला उंची आणि वय दिसत नाही. २०२२ ला रायपूरला अजून एक जिंकला. एकूण १४ लढती, १३ विजय, एक हार.

एक मात्र सांगतो, हरणाऱ्या लोकांना हसू नका. इंग्लंडमध्ये पीटर बकली म्हणून बर्मिंगहॅमचा बॉक्सर होता, ३०० लढती खेळला आणि त्यातल्या २५६ हरला. हा अनाडी नव्हता, उलट एवढा हुशार की नव्या पोरांबरोबर राउंड खेळायचे, त्यांना शिकवायचं, स्वतः जास्त मार न खाता घरी जायचं आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं, हाच त्याचा धंदा. असली माणसं नसती तर एकाही चॅम्पियनचा रेकॉर्ड उभा राहिला नसता.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे, ६३ किलोच्या आसपास खेळतो, राज्य पातळीवर पदक आहे. कुणीतरी त्याला सांगितलंय की हौशी खेळून पोट भरत नाही, प्रो हो, करारपण दाखवलाय. त्याचे बाबा एकदम विरोधात, मी मधल्या मध्ये. काय करू? (हडपसरहून एक आई)

ताई, आधी तो करार कुणा वकिलाला दाखवा, मुलाच्या मित्राला नाही. त्यात तीन गोष्टी शोधा. किती वर्षांचा आहे, मिळणाऱ्या पैशातला किती हिस्सा कोण घेणार, आणि मेंदूचे स्कॅन, डोळ्यांची तपासणी, जखम झाली तर दवाखाना हा खर्च कुणाचा. या तिसऱ्याचं उत्तर कागदावर नसेल तर बाकीचं वाचायची गरज नाही.

माझ्या ओळखीतला एक मुलगा असाच सही करून बसला होता, नाव सांगत नाही, दोन वर्षांत एक लढत मिळाली, तीही तारीख तीनदा बदलून, आणि तोवर हौशी स्पर्धांमधूनही नाव गेलं. तो आता जिममध्ये पोरींना किकबॉक्सिंग शिकवतो. कष्टाचंच काम आहे, पण त्यासाठी करार करायला नको होता.

आपल्याकडं अडचण अशी आहे की प्रोची शिडीच नाही. इंग्लंडात नव्या मुलाला वर्षात पाच-सहा लढती मिळू शकतात, चार राउंडच्या, मग सहाच्या, मग आठच्या, आणि तिथंही सुरुवातीला त्याला स्वतःची तिकिटं नातेवाइकांना, ऑफिसवाल्यांना विकावी लागतात. आपल्याकडं कार्यक्रमच मोजके. याउलट हौशीत राहिला तर आर्मी, रेल्वे, पोलीस यांची भरती आहे, महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पुण्यातच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. आपल्या शहराला हा खेळ काही नवा नाही, मनोज पिंगळे इथलेच, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला खेळले, अर्जुन पुरस्कार मिळाला. देविका घोरपडे पुण्याचीच, २०२२ ला स्पेनमध्ये युवा वर्ल्ड चॅम्पियन झाली. म्हणजे इथं राहून होत नाही असं काही नाही.

पण त्याच्या बाबांनाही सांगा की कायमचा नकार देऊ नका. वरच्या उत्तरात विजेंदरचं वाचलंत ना, तो उशिरा गेला. आता निशांत देवचं बघा. ताश्कंदला २०२३ मध्ये ७१ किलोत वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, पॅरिस ऑलिम्पिकला क्वार्टरफायनलला मेक्सिकोच्या मार्को व्हेर्देकडून हरला, त्या निकालावर बरीच आरडाओरड झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत लास व्हेगासला प्रो म्हणून उतरला, पहिल्या राउंडलाच जिंकला. वय २४. म्हणजे नाव करून गेला, मोठ्या प्रमोटरकडं गेला आणि वेळेत गेला. तुमच्या मुलाच्या हातात अजून चार-पाच वर्षं आहेत. नॅशनलचं पदक येऊ दे, नोकरी लागू दे, मग प्रमोटर दारात येईल, आत्ता हा दारात जातोय.

अजून एक तांत्रिक भाग, तो त्याला माहीत असेल पण तुम्हाला नसेल. हौशीत तीन मिनिटांचे तीन राउंड, नऊ मिनिटांत खेळ खलास, म्हणून सगळा भर वेगावर. प्रोत बारा राउंडपर्यंत जातं. हौशीत त्याच्या वजनाला १० औंसाचे ग्लोव्हज, प्रोत ८ औंसाचे, म्हणजे साधारण ५५ ग्रॅमचा फरक. तुम्ही म्हणाल ५५ ग्रॅम म्हणजे काय, मूठभर शेंगदाणे, पण तेवढीच गादी कमी होते आणि ती समोरच्याच्या जबड्याला कळते. वजनाचंही वेगळं, हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहायचं, प्रोत आदल्या दिवशी. त्यामुळं प्रोतले लोक पाणी तोडून तोडून वजन उतरवतात आणि रात्रीत परत भरून घेतात. मी कॉलेजात एकदा ७०० ग्रॅम उतरवायला दोन स्वेटर घालून पर्वती सात वेळा चढलो होतो, वजन उतरलं, आणि लढतीत पहिल्या मिनिटाला माझे पायच नव्हते. हे रोग त्याला लावून घेऊ देऊ नका.

प्रश्न : ऑलिम्पिकमध्ये मुलींना हेडगार्ड आणि पुरुषांना नाही, असं का? माझी मुलगी आठवीत आहे, नुकतीच क्लासला जायला लागलीये, मला भीती वाटते. (कोथरूड)

पुरुषांचं हेडगार्ड २०१३ पासून काढलं, रिओ ऑलिम्पिकला २०१६ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं म्हणणं होतं की हेडगार्ड घातलं की समोरचं नीट दिसत नाही, डोकं मोठं होतं, आणि घातलंय म्हणून पोरं बिनधास्त डोक्यावर घेतात. बायकांबद्दल तेवढा अभ्यास नाही म्हणून त्यांचं ठेवलं, लहान मुलामुलींचंही ठेवलं.

यात एक खरं आहे ते समजून घ्या. हेडगार्ड भुवई फुटण्यापासून, कान सुजण्यापासून वाचवतं. मेंदूला नाही वाचवत. ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि कवटीच्या आत मेंदू हलतो, बरणीतल्या लोणच्यासारखा, वरून फडकं गुंडाळलं म्हणून आतलं हलायचं थांबत नाही. हे काही नवीन ज्ञान नाही, अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहिलं होतं की जुन्या बॉक्सरांची चाल आणि बोलणं दारू प्यायल्यासारखं होतं. नियम मात्र माणसं गेल्यावर बदलतात. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांनी गेला, त्यानंतर डब्ल्यूबीसीनं पंधराचे बारा राउंड केले, बाकीच्यांना तेवढं करायला अजून काही वर्षं लागली.

आठवीतल्या मुलीसाठी एवढं घाबरायचं कारण नाही. पहिलं वर्षभर दोरीउड्या, फुटवर्क, शॅडो (हवेत ठोसे मारणं), पॅडवर्क आणि बॅग, एवढंच असायला पाहिजे. तिला पहिल्याच महिन्यात स्पॅरिंगला, म्हणजे समोरासमोर सरावाच्या लढतीला, उभी करत असतील तर क्लास बदला, फी बुडली तरी चालेल. सर कोण आहेत, किती पदकं आहेत हे नंतर विचारा, आधी एक दिवस कोपऱ्यात बसून बघा की पोरगी डोक्याला लागलं म्हणाली तर सर थांबवतात का 'काही होत नाही' म्हणतात.

प्रश्न : मोहम्मद अली ऑलिम्पिक सोनं जिंकून लगेच प्रो झाला. क्यूबावाले एवढी सोनं जिंकतात ते का नाही होत? आणि हौशीतला राजा प्रोत पण राजा होतोच का? (पिंपरी)

अलीनं, तेव्हाच्या कॅशियस क्लेनं, १९६० ला रोमला सोनं घेतलं आणि त्याच ऑक्टोबरच्या शेवटी लुईव्हिलला पहिली प्रो लढत खेळला, टनी हनसेकर नावाच्या एका पोलीसवाल्याबरोबर, सहा राउंड. बघा, तिथंही सुरुवात झेपेल अशा जोडीनंच. तेव्हाच्या चॅम्पियन लिस्टनला हरवून वर्ल्ड चॅम्पियन व्हायला १९६४ उजाडलं. एकूण ६१ लढती, ५६ विजय, पाच हार, आणि त्या पाचातल्या तीन शेवटच्या चार वर्षांतल्या, जेव्हा खरं तर तो घरी बसायला पाहिजे होता. १९८४ ला पार्किन्सन्सचं निदान झालं.

अमेरिकेत हौशी म्हणजे शाळा आणि प्रो म्हणजे नोकरी. आपल्याकडं हौशी हीच नोकरी. क्यूबात तर क्रांतीनंतर प्रो खेळावर बंदीच आली, टिओफिलो स्टीव्हनसन १९७२, ७६, ८० असा तीन वेळा हेवीवेटचा ऑलिम्पिक विजेता, पण प्रो लढत एकही नाही. २०२२ मध्ये कुठं त्यांच्या बॉक्सरांना परवानगीनं प्रो लढायला मिळालं.

राजा राजा होतो का, तर युक्रेनचा लोमाचेन्को बघा. दोन ऑलिम्पिक सोनं, हौशीत ३९६ विजय आणि एकच हार, हे ऐकून मी पण आधी विश्वास ठेवला नव्हता. प्रोत दुसऱ्याच लढतीला वर्ल्ड टायटलला उभा राहिला आणि २०१४ ला ओरलँडो सालिदोनं त्याला हरवला, सालिदो वजनात बसला नव्हता आणि कमरेखालीही भरपूर मारलं, पण अंगाला अंग लावून मारायची ती प्रोची विद्या लोमाचेन्कोकडं तेव्हा नव्हती. तीन महिन्यांनी तिसऱ्या लढतीला तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. आणि उलटं उदाहरण, १९९६ च्या अटलांटाला फ्लॉइड मेवेदरला सेमीत हरवणारा बल्गेरियाचा सेराफिम तोदोरोव. मेवेदर प्रोत ५० पैकी ५० जिंकून अब्जाधीश झाला. तोदोरोवचं नाव तुम्ही आत्ता पहिल्यांदा ऐकलं असेल.

प्रश्न : मराठी पेपरात मुष्टियुद्धाच्या बातमीत 'पंचांनी पंच मोजले' असं छापून आलं होतं. नक्की कोण काय? (नारायण पेठ, अर्थातच)

पहिला पंच गावच्या पंचायतीतला, दुसरा पंच इंग्रजीतला ठोसा. आणि आता तर मोजतही नाहीत. बीजिंगच्या वेळी पाच जण बटणं घेऊन बसायचे, तिघांनी सेकंदाच्या आत दाबलं तर एक गुण, म्हणून तेव्हाचे आकडे १३-२ असे. २०१३ पासून हौशीतही प्रोसारखं, राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९, फारच मार खाल्ला तर ८. फरक एवढाच की प्रोत खुर्च्या तीन आणि हौशीत पाच. रिंगच्या आत असतो तो रेफरी, त्याला पेपरवाले कधी पंच म्हणतात कधी सामनाधिकारी. माझ्या त्या सेमीफायनलच्या बातमीत आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकावर 'पंचांच्या एकमताने पराभूत' असं लिहिलं होतं, आणि खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, कुठल्या पंचांच्या?